दाखल्याआधी मन दाखवा

कॅलिफोर्नियातून मुलाचा फोन येतो, ‘कुत्रा पाळल्यापासून झोप लागते, पण घरमालक नको म्हणतो. पैसे भरून लगेच दाखला मिळतो, घेऊ का?’ पालक बंधु-भगिनींनो, आम्ही सांगतो, घेऊ देऊ नका. तेथे १ जानेवारी २०२२ पासून कायदा आहे. भावनिक आधाराच्या कुत्र्यासाठी पत्र देणाऱ्या परवानाधारक तज्ज्ञाची त्या व्यक्तीशी किमान ३० दिवसांची ओळख हवी आणि त्याने तिची रीतसर तपासणी केलेली हवी. झोप, भीती, एकटेपणा, कुत्र्यामुळे पडलेला फरक, सारे मुलाने मोकळेपणी सांगावे. तापाला डॉक्टर गाठतो, मग मनाच्या दुखण्याची लाज कशाला? दाखला घरमालकासाठी असतो. ते तीस दिवस मात्र आपल्या लेकरासाठी असतात.