आधी आग, मग नायिका

१० डिसेंबर १९३८च्या रात्री कल्व्हर सिटीतल्या स्टुडिओच्या आवारात जुने सेट पेटवून देण्यात आले. ‘किंग काँग’मधली प्रचंड भिंतही त्यात गेली. पडद्यावर ते जळतं अटलांटा दिसणार होतं. ‘गॉन विथ द विंड’चं चित्रीकरण असं सुरू झालं, तेव्हा नायिका स्कार्लेटची भूमिका कोण करणार हेच ठरलं नव्हतं! निर्माता डेव्हिड सेल्झनिकचा हट्टी कारभार पुढेही तसाच चालला. जॉर्ज क्यूकरला काढलं, व्हिक्टर फ्लेमिंगला आणलं. तो थकून बाजूला झाल्यावर काही काळ सॅम वुडने काम ओढलं. श्रेयनामावलीत दिग्दर्शक म्हणून नाव एकट्या फ्लेमिंगचं.

हे किस्से या अंकातल्या मुख्य लेखात आहेत, आणि रंजक आहेतच. आम्हाला अधिक मोलाची वाटते ती त्यातली दुसरी गोष्ट. कृष्णवर्णीयांच्या संघटनांनी आणि वृत्तपत्रांनी आधीच आवाज उठवल्यामुळे मूळ कादंबरीतली वंशद्वेषी शिवी संवादांतून गेली, कू क्लक्स क्लॅनचं नावही गेलं. गुलामगिरीवरचा गोड मुलामा मात्र कायम राहिला. डिसेंबर १९३९मध्ये अटलांटात प्रीमियर झाला, तेव्हा मॅमी ही गुलाम दाई साकारणारी हॅटी मॅकडॅनिएल तिथे नव्हती. वर्णभेदाच्या कायद्यांमुळे गोऱ्या सहकलाकारांशेजारी तिला बसताच आलं नसतं. पुढच्या फेब्रुवारीत तिला ऑस्कर मिळालं, एखाद्या कृष्णवर्णीय कलाकाराला मिळालेलं पहिलंच. त्या समारंभातही तिचं टेबल वेगळं होतं.

२०२०मध्ये एचबीओ मॅक्स या स्ट्रीमिंग सेवेने हा चित्रपट काढून घेतला आणि त्यातल्या गुलामगिरीच्या चित्रणाचा संदर्भ देणारं प्रास्ताविक जोडून परत आणला. योग्यच केलं. जवळपास चार तास बसणाऱ्याला आधीची काही मिनिटं जड जाऊ नयेत.