अभंग, गिटार आणि आमचे शुद्धतावादी

अलीकडे सुशिक्षित कुटुंबांतून एक तक्रार वारंवार ऐकूं येते. ‘अभंग रिपोस्ट’सारखे तरुणांचे वाद्यवृंद संतांचे अभंग गिटार व ड्रम यांच्या साथीनें गातात, त्या गदारोळांत शब्द बुडतात, अर्थाचा विपर्यास होतो आणि आपण काय ऐकतों याचा पोरांना पत्ताहि नसतो, अशी ती तक्रार आहे. तिचा सूर असा कीं, जणूं गिटार येण्यापूर्वीं घरोघर अर्थासहित पठण चाललें होतें! आम्हांस हें म्हणणें साफ नामंजूर आहे.

घरोघर काय चाललें होतें तें भाद्रपदांत कोणत्याहि दिवाणखान्यांत कान देऊन ऐकावें. गणपतीच्या कमरेला नाग बांधलेला आहे, असें सांगणारा ‘फणिवरबंधना’ हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या ‘फळीवर वंदना’ असा म्हटला जात आहे. ‘संकटीं’चें ‘संकष्टी’ झालें आणि ‘सदना’चें ‘सजणा’ झालें, तेव्हां तेथें गिटार नव्हती. टाळ, झांजा आणि वडील मंडळीच होती. पोरांच्या या चुकींत आम्हांला तरी फारसें पाप दिसत नाहीं. ज्याच्या घरीं देव खरोखरच फळीवर बसतो, त्यानें न कळलेल्या समासाच्या जागीं कळणारा शब्द बसविला. कानाला अर्थावांचून राहवत नाहीं, एवढेंच त्यावरून दिसतें. अशा ऐकण्याला सिल्व्हिया राइट या अमेरिकन लेखिकेनें 1954 सालीं ‘मॉन्डेग्रीन’ असें नांवहि देऊन ठेविलें आहे. लहानपणीं ऐकलेल्या एका पोवाड्यांत तिला त्या नांवाची, मुळांत नसलेली, एक सरदारीण भेटली होती. जिमी हेंड्रिक्सच्या 1967 सालच्या गाण्यांत नायक आकाशाचें चुंबन घेऊं पाहतो; असंख्य श्रोत्यांनीं तेथें शेजारच्या गृहस्थाचें चुंबन ऐकलें. यानें कोणाचें कांहीं बुडालें नाहीं.

बुडतें तें निराळ्याच ठिकाणीं. ज्यांच्या हातीं छापील शब्द असतात आणि जे तरीहि वाचीत नाहींत, त्यांची चूक आम्ही अधिक गंभीर समजतों. ब्रूस स्प्रिंगस्टीनचें ‘बॉर्न इन द यू. एस. ए.’ हें गाणें 1984 सालीं गाजलें. व्हिएतनामहून परतलेल्या आणि कामधंद्यावांचून भटकणाऱ्या शिपायाची ती कहाणी. पण ध्रुपदाचा जोर पाहून कित्येकांनीं तें देशाभिमानाचें गीत ठरविलें. त्याच वर्षीं निवडणुकीच्या प्रचारांत रोनाल्ड रेगन यांनीं न्यू जर्सींतील सभेंत याच गायकाच्या गाण्यांतील आशेच्या संदेशाची वाखाणणी केली! रोलिंग स्टोन्सच्या ‘सिंपथी फॉर द डेव्हिल’ची (1968) गतहि तशीच. मिखाइल बुल्गाकोव्हच्या ‘द मास्टर अँड मार्गारीटा’ या कादंबरीची छाया त्या गाण्यावर आहे. पण कादंबरी न उघडलेल्या धर्मनिष्ठांनीं गायकांना सैतानाचे भक्त ठरवून टाकिलें. हे सर्व अर्थ लावणारे अडाणी होते काय? मुळींच नाहीं.

आमच्याकडील अशाच विद्वानांचा दुसरा आक्षेप ज्ञानदेवांच्या विराण्यांबद्दल आहे. तरुण मुलें त्या प्रेमगीतें म्हणून ऐकतात, हा म्हणे अनर्थ. परंतु विरहिणीची भाषा योजिली कोणी? देवाची ओढ सांगावयास प्रियकराची वाट पाहणारी स्त्रीच ज्ञानदेवांना योग्य वाटली. मुलगा त्या शब्दांत प्रथम स्वतःची प्रेयसी पाहील, तर तो दारांत तरी आला. त्याला पुढें न्यावयाचें कीं हांकून द्यावयाचें, हें घरच्यांनीं ठरवावें.

हें आम्ही नंदुरबार जिल्ह्यांतील कळसाडीहून लिहीत आहों, आणि या वादाचें खरें मोल आम्हांला येथेंच दिसतें. या जिल्ह्यांत भिली, अहिराणी, गुजरी अशा बोली बोलणारीं मुलें प्रमाण मराठी बव्हंशीं शाळेंतच शिकतात. अहिराणींत ‘ळ’च्या जागीं ‘य’ येतो. डोळ्याचा ‘डोया’ होतो. अशा मुलानें भर सभेंत एक शब्द वेगळा उच्चारला कीं पहिल्या रांगेंतून हंशा उठतो, आणि तें मूल पुन्हां तोंड उघडीत नाहीं. मग मौज अशी कीं, हंसणारे तेच पदवीधर बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांना बिनदिक्कत ‘अहिराणी कविता’ म्हणतात! बहिणाबाईंची (1880–1951) भाषा लेवा गणबोली. त्यांना लिहितां-वाचतां येत नव्हतें. त्यांच्या कविता त्यांच्या पश्चात् 1952 सालीं पुस्तकरूपानें निघाल्या, आणि ‘मानिनी’ (1961) या चित्रपटामुळें त्यांतील कांहीं घरोघर पोहोंचल्या. गाणें पाठ, पण तें कोणत्या बोलींत आहे याची चौकशी नाहीं. हा विपर्यास कोणत्या ड्रमनें केला?

गाणाऱ्यांचाहि एक दोष आम्ही पदरांत घालूं. अभंगाला नवी चाल लावणाऱ्यानें त्याचा पाठ आणि कठीण शब्दांचे अर्थ ध्वनिमुद्रणाबरोबर दिलेच पाहिजेत. जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या प्रकाशकांनींहि या कामीं पुष्कळदां हयगयच केली. येवढें झालें तर शब्द बुडतात ही ओरड निम्मी तरी थांबेल. राहिलेली निम्मी वडिलांच्या हातीं आहे. त्यांनीं येत्या भाद्रपदांत आरतीला उभें राहण्यापूर्वीं ‘फणिवरबंधना’ हा शब्द फोडून मुलांना समजावून द्यावा. गिटारीचें मग पाहूं.