आधी गाणी बाहेर काढा

सॉफ्टवेअर अपग्रेड करणं हा आपल्या हॉस्टेलचा टाइमपास आहे. एकाने नवीन व्हर्जन आणलं की रात्रीतून ते पेन ड्राइव्हवरून सगळ्या विंगमध्ये फिरतं. बिघडलंच काही तर फॉरमॅट मारायचा, असाइनमेंटची फाइल शेजारच्याकडून परत घ्यायची आणि मेसला जायचं. (मेसच्या भाजीत अपग्रेड कधी येणार, हा विषय वेगळा.) पण आपल्याच वसई-विरारमध्ये असेही कॉम्प्युटर आहेत, की त्यांच्यावर फॉरमॅट मारला तर शेजारच्याकडून काही म्हणजे काही परत मिळणार नाही. मी बोलतोय ते घरच्या घरी गाणी रेकॉर्ड करणाऱ्या मंडळींबद्दल.

घरगुती स्टुडिओ म्हणजे काय, तर दहा बाय दहाची खोली. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. (अंड्यांच्या ट्रेने बाहेरचा आवाज अडतो हा एक लोकप्रिय गैरसमज आहे. त्यापेक्षा आजीची जाड गोधडी टांगलेली बरी.) एक कंडेन्सर माइक, दोन चॅनलचा ऑडिओ इंटरफेस आणि गरम होतो म्हणून एका बाजूचं झाकण काढून ठेवलेला सीपीयू. टेक घ्यायच्या आधी पंखा बंद, फ्रिज बंद, लहान पोरं बाहेर. पावसाळ्यात पत्र्यावर सर आली की सगळे हाताची घडी घालून गप्प बसतात, कारण दुसरा इलाजच नसतो. अशा खोलीत आगरी-कोळी लग्नाची गाणी होतात, भजनी मंडळांचे अभंग होतात, बेंजो पार्टीचे तुकडे होतात, चर्चमधली मराठी गीतं होतात. आणि पश्चिम पट्ट्यातल्या गावांत सामवेदी नाही तर वाडवळी बोलीतली जुनी गाणीही कुणी कुणी हौसेने रेकॉर्ड करून ठेवलेली असतात. या बोलींत छापील पुस्तकं फार नाहीत. जे आहे ते बरंचसं म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी आहे. म्हणून त्या सीपीयूमध्ये नक्की काय आहे हे नीट समजून घेतलं पाहिजे.

आता अपग्रेडचा प्रश्न. या मंडळींत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, "चालतंय ना? मग हात लावू नको." दुसरा म्हणतो, "नवीन आलंय, टाकून टाक." आपण इंजिनीअरिंगची पोरं सवयीने दुसऱ्या पक्षात असतो आणि पहिल्याला हसतो. माझं मत विचाराल तर पहिला पक्ष अडाणी अजिबात नाही. त्याला एक गोष्ट अनुभवाने कळलेली असते, ती म्हणजे लेटन्सी. हिशोब करून बघा. सॅम्पलिंग रेट ४४,१०० आणि बफर ५१२ सॅम्पलचा असेल, तर एका बफरला साधारण ११.६ मिलिसेकंद लागतात. आवाज हवेतून सेकंदाला अंदाजे ३४३ मीटर जातो. म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज जणू चार मीटर लांबून ऐकू येणार. बफर १०२४ केला की आठ मीटर. आणि हा एकाच बाजूचा हिशोब झाला. माइककडून आत आणि हेडफोनकडे बाहेर, असं दोनदा धरायचं. ढोलकीवाल्याचा हात एवढ्यानेच अडखळतो. जुन्या इंटरफेसचा जुना ड्रायव्हर जुन्या विंडोजवर ६४ सॅम्पलवर निवांत चालत असेल आणि नव्या विंडोजसाठी त्या कंपनीने ड्रायव्हरच काढला नसेल, तर "अपग्रेड" केल्यावर मशीन नवं आणि लय बेपत्ता! त्यामुळे इंटरनेटची वायर काढून एक्सपीवर शांतपणे रेकॉर्डिंग करणारा माणूस दिसला तर त्याला नावं ठेवू नका.

पण हा पक्षही कायम टिकत नाही, कारण काळ थांबत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि साधारण २०१८ च्या आधीचे बहुतेक प्रोसेसर ते अधिकृतपणे घेत नाही. आपल्याकडच्या घरगुती स्टुडिओतली किती मशीनं त्यात बसतील, हे ज्याचं त्याने ठरवावं. आणि विंडोजचं सोडा, वसईची दमट हवा आणि जाऊन-येऊन असलेली वीज यांना कुठलंही लायसन्स लागत नाही. एक दिवस हार्ड डिस्क कट्‌कट् आवाज करायला लागते आणि निर्णय आपोआप होतो.

खरी मेख यापुढेच आहे. कॉम्प्युटर बदलला की सॉफ्टवेअर बदलतं, आणि सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी जागेवर असेलच असं नाही. ज्या कूल एडिट प्रोवर आपल्याकडच्या अनेकांनी एडिटिंगचे धडे गिरवले, ते सिंट्रिलियम कंपनीकडून अडोबीने २००३ मध्ये विकत घेतलं आणि त्याचं ऑडिशन झालं. केकवॉकची कथा तर मालिकेला शोभेल अशी आहे. १९८७ साली डॉसवर सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर. २०१३ मध्ये ते गिटारवाल्या गिब्सनने घेतलं आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याचं काम थांबवत असल्याचं जाहीर करून टाकलं. पैसे मोजून सोनार घेतलेली माणसं बघत राहिली. मग २०१८ मध्ये सिंगापूरच्या बँडलॅबने ते उचललं आणि चक्क फुकट वाटलं. २०२५ मध्ये त्याही आवृत्तीच्या जागी सोनार हे जुनंच नाव घेऊन नवी आवृत्ती आली, तिचंही एक मोफत रूप आहे. स्टाइनबर्गच्या क्युबेसला लायसन्ससाठी यूएसबीची एक किल्ली लागायची. २०२२ मध्ये क्युबेस १२ पासून ती गेली आणि मे २०२५ मध्ये त्या किल्लीमागची सेवाही बंद झाली. याच क्युबेसने २०१६ च्या शेवटी नवव्या आवृत्तीत ३२ बिटचे प्लगइन घेणं बंद केलं होतं. म्हणजे जुना प्रोजेक्ट उघडतो, पण त्यातला आवडता रिव्हर्ब उघडत नाही. ही सगळी मोठी, नावाजलेली नावं आहेत, आणि यात कुणी बदमाशी केली असंही मी म्हणत नाही. कंपन्या विकल्या जातात, माणसं नोकऱ्या बदलतात, तंत्र पुढे जातं. आपण आपलं गाणं त्यांच्या भरवशावर ठेवावं का, एवढाच प्रश्न आहे.

कारण प्रोजेक्ट फाइल म्हणजे गाणं नव्हे. ती किराणा मालाची यादी आहे. कुठला आवाज कितव्या सेकंदाला सुरू करायचा, किती मोठा ठेवायचा, त्यावर कुठला इफेक्ट लावायचा, हे त्या यादीत असतं. माल दुसऱ्या फोल्डरमध्ये असतो. ज्याला हे माहीत नाही तो यादी जपून ठेवतो आणि माल भंगारात देतो.

अगदी असंच घडलेलं मला माहीत आहे. निर्मळच्या बाजूच्या एका गावात माझ्या मित्राच्या नात्यातल्या एकाने २००८ च्या सुमारास घरातल्या आणि शेजारच्या आयाबायांना बसवून लग्नातली गाणी रेकॉर्ड केली होती. हळदीची, वरातीची, व्याह्यांची थट्टा करणारी. मध्येच कुणी हसतंय, कुणी शब्द विसरतंय, कुणी "तसं नाय, असं" म्हणून सुधारतंय, असं सगळं. पुढे कॉम्प्युटर जुना झाला. त्याने व्यवस्थित, नावं घालून, प्रत्येक गाण्याची फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि मग सीपीयू भंगारवाल्याला दिला. ते सॉफ्टवेअर प्रत्येक गाण्याच्या फाइलशेजारी एक फोल्डर करायचं आणि खरा आवाज काही काही सेकंदांचे तुकडे करून त्या फोल्डरमध्ये ठेवायचं. पेन ड्राइव्हवर आल्या त्या फक्त याद्या. प्रत्येकी काही केबी. पाच मिनिटांचं गाणं काही केबीत बसत नाही, हे आपल्याला फर्स्ट इयरला कळतं. त्या माणसाचा व्यवसाय फुलांचा आहे, त्याला का कळावं? गाणाऱ्यांपैकी दोघी आता नाहीत. उरलेल्यांना बोलावलं तर त्या म्हणतात, आता आवाज राहिला नाही.

गंमत अशी की इथे अपग्रेडच कामाला आलं असतं. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरची रचना पूर्वी अशीच होती, यादी वेगळी आणि तुकड्यांचं फोल्डर वेगळं. मार्च २०२१ च्या ३.० आवृत्तीपासून त्यांनी सगळं एकाच फाइलमध्ये आणलं. तेव्हा अपग्रेड वाईट असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. आधी गाणी बाहेर काढायची, मग काय टाकायचं ते टाका.

बाहेर काढायची म्हणजे वेव्ह फाइल करायची. एमपी३ नव्हे. हा वेव्ह प्रकार मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएमने १९९१ मध्ये आणला, म्हणजे वयाने तो आपल्यापेक्षा मोठा आहे, आणि आजही कुठलंही सॉफ्टवेअर तो निमूटपणे उघडतं. प्रत्येक ट्रॅक वेगळा, आणि प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून सुरू करायचा, मध्ये शांतता असली तरी चालेल. मग ते सगळे ट्रॅक जगातल्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक टाकले की आपोआप जुळतात. एकदा इफेक्टशिवाय आणि एकदा इफेक्टसकट काढले तर उत्तम. सोबत नोटपॅडमध्ये गाण्याची लय, गाणाऱ्यांची नावं, गाव, तारीख. जागा किती लागेल याची भीती नको. ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिट, एक चॅनल म्हणजे मिनिटाला ८ एमबीसुद्धा नाही. बारा ट्रॅकचं पाच मिनिटांचं गाणं ४८० एमबीच्या आत बसतं. आपल्या विंगमधल्या एकेका सिनेमाच्या फाइलपुढे हे काहीच नाही. आणि कॉपी दोन ठिकाणी, त्यातली एक घराबाहेर.

आता जरा नाजूक विषय. आपण क्रॅक वापरतो, ते वापरतात, सगळे वापरतात. मी इथे नीतिपाठ द्यायला बसलेलो नाही. पण रेकॉर्डिंगच्या बाबतीत क्रॅक महाग पडतो, हे मात्र सांगणार. क्रॅक एका मशीनवर, एका व्हर्जनपुरता चालतो. मशीन गेलं की तोच क्रॅक परत मिळेल, आणि मिळाला तर त्यातून व्हायरस येणार नाही, याची कोण हमी देणार? ज्याचा धंदा त्यावर आहे त्याने निदान पर्याय तरी बघावेत. रीपर साठ डॉलरला मिळतं, पाच हजाराच्या थोडं वर. वैयक्तिक आणि छोट्या धंद्याच्या वापराला तेवढं पुरतं आणि दोन मोठ्या आवृत्त्यांपर्यंत अपग्रेड फुकट. एफएल स्टुडिओ एकदा घेतलं की पुढचे अपडेट आयुष्यभर फुकट. उलट दर महिन्याला भाडं घेणारी सॉफ्टवेअर आली की माझ्या कपाळावर आठी पडते. नवरात्र आणि लग्नसराई सोडली तर या स्टुडिओंना महिना महिना काम नसतं, भाडं मात्र पावसाळ्यातही चालू. मार्च २०२३ मध्ये वेव्हज या प्लगइनवाल्या कंपनीने सगळं फक्त भाड्यानेच देणार असं जाहीर केलं. जगभरातले वापरणारे एवढे खवळले की काही दिवसांतच त्यांना कायमची विक्री परत सुरू करावी लागली. गिऱ्हाइकाने बोललं की फरक पडतो, तेवढं त्यातून कळलं.

आपल्या कॉलेजकडे माझी एक मागणी आहे. दर वर्षी फायनल इयरला तेच ते अटेंडन्सचे आणि पार्किंगचे प्रोजेक्ट होतात. त्याऐवजी एखाद्या ग्रुपने आसपासच्या घरगुती स्टुडिओंची जुनी रेकॉर्डिंग बाहेर काढायचा प्रोजेक्ट का घेऊ नये? अर्धवट हार्ड डिस्कवरून आवाजाचे तुकडे शोधणं, त्यांचा क्रम लावणं, बंद पडलेल्या फॉरमॅटची फाइल वाचणारा छोटा प्रोग्रॅम लिहिणं, यात डीएसपीही आहे आणि डेटा स्ट्रक्चरही. व्हायव्हाला एक्स्टर्नलने "अॅप्लिकेशन काय?" विचारलं तर त्यालाच एक गाणं ऐकवायचं. सरांनी मनावर घेतलं तर पुढच्या सेमिस्टरला सुरुवात होऊ शकते. जुन्या आयडीई डिस्क यूएसबीला जोडायचे दोन अडॅप्टर ईएक्सटीसी लॅबच्या खालच्या कपाटात पडलेले आहेत. किल्ली लॅब असिस्टंटकडे असते, आणि ते दुपारी तीननंतर भेटतात.