चार ईस्टर, एक इंजेक्शन आणि आपली मुलं



दहावीला ‘ईस्टर’ शिकवताना आपण फळांच्या वासाचं उदाहरण देतो आणि पुढे सरकतो. यंदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, जिमवाल्या इंजेक्शनात पण ईस्टरच असतो ना?” वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही, कारण प्रश्न बरोबर होता.

सस्टेनॉन २५० या इंजेक्शनात टेस्टोस्टेरॉनचे चार ईस्टर शेंगदाणा तेलात विरघळवलेले असतात: प्रोपिओनेट ३० मिग्रॅ, फिनाइलप्रोपिओनेट ६०, आयसोकॅप्रोएट ६० आणि डेकॅनोएट १००. हे तेल स्नायूत साठून राहतं. कार्बनची साखळी जितकी लांब, तितका ईस्टर तेलाला धरून बसतो आणि सावकाश रक्तात उतरतो. शरीरातली विकरं ती साखळी तोडतात, मग टेस्टोस्टेरॉन मोकळं होतं. २५० मिग्रॅपैकी प्रत्यक्ष टेस्टोस्टेरॉन सुमारे १७६ मिग्रॅ. बाकी वजन साखळ्यांचं.

मुलांना वाटतं, चौघे पाळीपाळीने काम करतात, म्हणून पातळी सारखी राहते. तसं नाही. चारही पहिल्या दिवसापासूनच सुटू लागतात, फक्त वेग वेगळा. म्हणून पातळी एक-दोन दिवसांत वर चढते आणि साधारण तीन आठवड्यांत उतरते.

दरम्यान पीयूषिका ग्रंथी वृषणांना जाणारा संदेश कमी करते. शरीरातली स्वतःची निर्मिती मंदावते, शुक्राणू घटतात. वाढत्या वयात तर हाडांच्या टोकांची वाढ वेळेआधी थांबू शकते. पोलीस भरतीत पुरुषांसाठी १६५ सेंमी उंचीची अट आहे. तयारी करणाऱ्या मुलाला एवढं सांगितलं तरी पुरे!

हे औषध वाईट नाही. ज्यांच्या शरीरात हे संप्रेरक पुरेसं तयार होत नाही, त्यांना डॉक्टर ते रक्त तपासून देतात. दंड फुगवायला ते नाही.

माझं मत स्पष्ट आहे. “असलं काही विचारायचं नाही” म्हणून आपण गप्प बसलो, तर मुलगा उत्तर जिममधल्या दादाकडून घेईल. तो दादा साखळी कशी तुटते ते सांगणार नाही, आणि उंचीचं तर नाहीच नाही. तेव्हा वर्गात हा धडा दहा मिनिटं जास्त चालू द्या. आणि पालकहो, मुलाने घरी विषय काढला तर आधी रागावू नका, ऐकून घ्या. त्याने तुम्हाला विचारलं, हीच मोठी गोष्ट आहे.