ओझोन जंतू मारतो, पण राखण करत नाही

परवा ओपीडीत एका आजींच्या मुलाने विचारले, ‘‘डॉक्टर, भाज्या धुवायला ओझोनचे यंत्र घेतलेय. आता पिण्याचे पाणीही त्यातच शुद्ध करतो. क्लोरीनचे थेंब बंद केले तर चालेल ना?’’

नाही चालणार. ओझोन खोटा नाही. पाण्यात विरघळला की तो जंतूंचे आवरण फोडतो. फ्रान्समधील नीस शहरात १९०६ पासून पिण्याच्या पाण्यासाठी तो वापरात आला. पण तो टिकत नाही. आपल्याकडच्या हवामानात पाण्यातला निम्म्याहून अधिक ओझोन अर्ध्या तासात नाहीसा होतो. पाणी गढूळ किंवा भाजी मातकट असेल, तर त्या घाणीवरच खर्च होतो. नंतर हंड्यात कुणी हात बुडवला, तर राखणीला उरलेला क्लोरीनच उपयोगी पडतो.

शिवाय यंत्रातून सुटणारा वायू बंद स्वयंपाकघरात दमेकऱ्यांना त्रास देऊ शकतो. त्या आजींना दमाच आहे.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. भाजी आधी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. यंत्र वापरायचेच तर खिडकी उघडी ठेवा. मात्र त्याच्या भरवशावर क्लोरीन आणि हात धुण्याचा साबण सोडू नका.