‘लक्षणीय’ म्हणजे नेमके किती?

कोकणातल्या कुणकेश्वराच्या देवळाखालचा समुद्र दिवसातून दोनदा चढतो आणि ओसरतो. उधाणाला हा चढउतार दोन मीटरांच्या घरात जातो, भांगाच्या भरतीला बराच कमी होतो. १९९३पासूनच्या उपग्रह-नोंदींनुसार मात्र जगभरच्या समुद्राची सरासरी पातळी वर्षाला जेमतेम तीन-साडेतीन मिलिमीटरांनी वाढत आली आहे. एका भरतीकडे पाहून ही वाढ दिसणार नाही, आणि एखाद्या उधाणाचे पाणी जास्त आत आले म्हणून ती सिद्धही होणार नाही. तरी तीस वर्षांत ती सुमारे दहा सेंटिमीटर झाली. डोळ्यांत भरणारा बदल आणि टिकणारा बदल यांत असा फरक असतो. संशोधनाच्या बातम्यांतला ‘लक्षणीय’ हा शब्द तोच फरक पुसून टाकतो.

संख्याशास्त्रात ‘लक्षणीय’चा अर्थ मर्यादित आहे: उपायाचा काहीच परिणाम नसता, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता बहुधा पाच टक्क्यांहून कमी होती. तो फरक मोठा की उपयोगी, हे त्यातून कळत नाही. लाखभर लोकांच्या चाचणीत रक्तदाब एका अंकाने उतरला तरी तो ‘लक्षणीय’ ठरू शकतो. वीस जणांच्या चाचणीत जीव वाचवणारा उपायही नापास होऊ शकतो. म्हणून परिणामाचा आकडाच समोर ठेवणारे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचे गडचिरोलीतले काम आदर्श वाटते. गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांनी ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली; तुलनेसाठी ४७ गावे होती. १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गावांत हजार जन्मांमागे नवजात मृत्यू ६२वरून सुमारे २५वर आले, तुलनेच्या गावांत ते साठच्या आसपासच राहिले. किती बदल झाला आणि कशाच्या तुलनेत झाला, दोन्ही उत्तरे इथे मिळतात.

औषधाला मंजुरी द्यायची तर कुठेतरी रेघ मारावीच लागते, हा आक्षेप खरा आहे. पण त्या रेघेमागे आकडा झाकला जाऊ नये. निर्णय केवळ अशा रेघेवर बेतू नयेत, असे अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेनेही २०१६मध्ये बजावले. सामान्य वाचकाला आकडे झेपत नाहीत, हा दुसरा आक्षेप मात्र मान्य होण्यासारखा नाही. तिथीची पाऊणपट करून भरतीची ढोबळ वेळ काढणाऱ्या किनाऱ्यावर तरी तो कुणी घेऊ नये. वृत्तपत्रांनी आणि आरोग्य खात्याने प्रत्येक दाव्यासोबत आधीचा आकडा, नंतरचा आकडा आणि तुलनेच्या गटाचा आकडा द्यावा. बदल लक्षणीय आहे की नाही, हे मग वाचकालाही पारखता येईल.