टेबल हलत नाही, जहाज हलतं

नाशकात बसून जहाजांवर कसलं लिहितोस, असं रूममेटने विचारलंच. समुद्र इथून लांब, मान्य. पण ओझरला एचएएलचा विमान कारखाना आहे, आणि विमान असो की जहाज, इनर्शियल नॅव्हिगेशनची गोची एकच: सुरुवातीला आपलं तोंड कुठे आहे हे यंत्राला ठाऊक नसतं. (याचंही लघुरूप आयएनएस. नौदलाच्या जहाजांच्या नावाआधीचं आयएनएस वेगळं. आमच्यातल्या एकाने व्हायवाला घोळ घातला होता.)

जमिनीवर उभ्या विमानात हे सोपं. अ‍ॅक्सेलरोमीटर 'खाली' कुठे ते सांगतो, जायरो पृथ्वीचं फिरणं मोजून उत्तर दिशा शोधतो. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. नाशिकच्या अक्षांशावर त्यातले साधारण १४ क्षितिजाला समांतर, म्हणजे कामाचे. जहाज मात्र धक्क्याला बांधलं तरी डुलतं, सेकंदाला एखादा अंश सहज. म्हणजे तासाला ३६०० अंशांच्या गोंधळात १४ शोधायचे! कसारा घाटात एसटीत ओळंबा धरून बघा.

तरी वाट आहे. डुलणं पुढे-मागे होऊन फिटतं, पृथ्वीचं फिरणं एकाच दिशेने साचत जातं. जायरोने डुलणं वजा करायचं आणि गुरुत्वाची दिशा ताऱ्यांच्या चौकटीत कशी सरकते ते काही मिनिटं बघायचं. मग काल्मन फिल्टर.

माझं भांडण या 'मग'शी आहे. आपण सगळं फिल्टरवर ढकलतो. पूर्वेकडच्या जायरोत तासाला ०.०१ अंशाची कायमची चूक असेल, तर उत्तर दिशा सुमारे ०.०४ अंशाने चुकते. जहाज एकाच दिशेला तोंड करून उभं असेल तर फिल्टर कितीही घोटा, ती जात नाही. जायरोची चूक आणि दिशेची चूक त्याला सारखीच दिसते. उलट सेन्सरच १८० अंश फिरवला की चुकीचं चिन्ह पालटतं आणि चोर सापडतो.

जीपीएस आहे की, असं म्हणाल. मे २०२५ मध्ये जेद्दाहजवळ एमएससी अँटोनिया हे कंटेनर जहाज रुतलं, तेव्हा जीपीएस जॅमिंगचाच संशय घेतला गेला. आणि दिशा १ अंश चुकली तर ६० मैलांवर जहाज १ मैल बाजूला जातं.

आता कबुली. आमच्या ग्रुपने एमपीयू-६०५० वर 'उत्तरशोधक' केला. त्या चिपच्या डेटाशीटमध्येच शून्य-वाचनाची चूक सेकंदाला २० अंशांपर्यंत लिहिली आहे. तासाला १५ तिथे काय दिसणार? आम्ही गुपचूप मॅग्नेटोमीटर जोडला. एक्स्टर्नल सरांनी बोलता बोलता शेजारी मोबाइल ठेवला आणि आमची उत्तर दिशा फिरली. सर हसले, मार्क दिले. मला त्या मार्कांची अजून लाज वाटते.

म्हणून स्टाफला विनंती: असे प्रोजेक्ट टेबलावर पास करू नका. गंगापूर धरणावर बोट मिळते. एक दिवस, चार लाइफ जॅकेट आणि एक फिरता पाट एवढंच लागेल. परवानगीचा अर्ज मी लिहून ठेवलाय, सही तेवढी हवी.